घासू नका म्हणणारे मास्तर

आमच्या घरी दुष्काळ बहात्तर साली आला, असं मी म्हणणार नाही. आमच्याकडं तो आधीपासूनच मुक्कामाला होता. बहात्तर साली तो बाकीच्या गावात शिरला, एवढंच. भोकरदन तालुक्यात, धावड्याच्या अलीकडं आमचं गाव. बाप मी लहान असतानाच गेला. माय दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची. रानंच करपली तेव्हा ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसली. कॉलेजला सुट्टी लागली की मीही तिच्या शेजारी हातोडी घेऊन बसायचो. कपची डोळ्यात उडू नये म्हणून ती म्हणायची, "तोंड तिकडं कर. तुला अजून वाचायचंय." रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापतानाच तुटायची. तव्यावरचे तुकडे उचलून आम्ही त्याला भाकरी म्हणायचो आणि खायचो.

औरंगाबादेत वसतिगृहात राहून मी बी.ए. झालो, मागोमाग बी.एड. आमच्या बौद्धवस्तीतला पहिला पदवीधर. हे मी आजही सांगतो, आणि सांगताना आवाज खाली करत नाही.

नोकरी जालन्याच्या एका शाळेत लागली. जालना तेव्हा जिल्हा व्हायचं होतं. स्टेशनावर उतरलं की सरकीचा आणि तेलाचा वास यायचा, टांगेवाले उर्दूत भांडायचे आणि मराठीत भाडं ठरवायचे. मला ते गाव पहिल्या दिवसापासून आवडलं. शिक्षकांच्या खोलीत मात्र मी जरा ताठ बसलो होतो. नव्या माणसाला तिथं पहिला प्रश्न आडनावाचा असतो, दुसरा गावाचा, आणि तिसरा विचारायची गरज पडत नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

कोपऱ्यात चित्रकलेचे मास्तर बशीतून चहा पीत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "गाव कोणतं?"

मी गाव सांगितलं.

"तिथं पाटलाकडं दोन निजामी रुपये हायेत. एक चालू, एक घासलेला. अजून कुणाकडं हायेत?"

"मला माहीत नाही सर."

"मंग बी.ए.ला काय शिकला?" असं म्हणून त्यांनी बशी पुन्हा तोंडाला लावली.

आडनाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. पुढंही कधी विचारलं नाही. बहुतेक कितीतरी दिवस त्यांना ते माहीतच नव्हतं. हजेरीपटावर मी सहीच अशी करायचो की कुणालाही वाचता येऊ नये.

मास्तर उंच, वाळलेले, पाठीत जरासे वाकलेले. भर उन्हाळ्यातसुद्धा अंगात खाकी कोट, कारण खिसे लागायचे. खिशांत काड्यापेट्या. काड्यापेटीत काड्या कधीच नसायच्या. कापूस आणि त्यावर एकेक सिक्का. कुणी विडी ओढणाऱ्यानं पेटी मागितली की ते दचकून छातीशी हात धरायचे. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग असायचं. पोरं त्यांना मागून 'सिक्का मास्तर' म्हणायची आणि समोरून 'मास्तर'. बाकी सगळे 'सर' होते. मास्तर हे एकटेच.

त्यांच्याकडं जगासाठी चार शब्द होते. अव्वल, दुय्यम, चालू आणि घासलेला. सिक्क्याचे हे दर्जे त्यांनी स्वतः ठरवलेले. जो सिक्का टांकसाळीतून निघाल्यावर बाजारात फिरलाच नाही तो अव्वल. थोडा फिरला तो दुय्यम. खूप हातांतून गेला तो चालू. आणि ज्याला माणसानं मुद्दाम चकाकी आणली, तो घासलेला. घासलेल्याला त्यांच्याकडं दर्जाच नव्हता. "चालू सिक्क्यानं बिचाऱ्यानं आपलं काम केलंय," ते म्हणायचे, "घासलेला म्हातारपणी तोंड रंगवून बसलाय."

मग हेच चार शब्द चहाला लागायचे, भाषणाला लागायचे, लग्नातल्या जेवणाला लागायचे. पाहुण्यांचं तासभर भाषण झालं की सगळे मास्तरांकडं बघायचे. मास्तर हळूच म्हणायचे, "चालू." पोरांच्या चित्रांवरही ते गुण देत नसत, हेच शब्द लिहायचे. एकदा हेडमास्तर चिडले.

"अहो मास्तर, पोराच्या चित्रावर 'घासलेला' लिहिलंय तुम्ही. बापाला काय अर्थ सांगू मी?"

"सांगा, थोरल्या भावानं काढून दिलंय."

हेडमास्तरांनी चौकशी केली. थोरल्या भावानंच काढून दिलं होतं.

मी त्यांना विचारलं होतं, मी कोणत्या दर्जाचा? त्यांनी भिंगातून माझ्याकडं बघितलं. "तुम्ही अजून पुडीतच हायेत. बाजारात फिरा जरा, मंग सांगतो."

सिक्का हातात कसा धरायचा हे मला त्यांनी शिकवलं. मस्तगडात त्यांच्या दोन खोल्या होत्या, तिथं मी संध्याकाळी जायचो. पहिल्यांदा मी सिक्का चिमटीत धरला, तर त्यांनी माझ्या मनगटावर टिचकी मारली. "कडेनं धरा. तोंडाला हात लावू नका. तुमच्या तोंडाला मी हात लावतो का?" बोटांचा घाम चांदीला खातो, असं त्यांचं म्हणणं. फडक्यानं पुसायचं नाही, फुंकर मारायची नाही, आणि सिक्क्यावर वाकून बोलायचं तर बिलकुल नाही. थुंकी उडते. त्यामुळं त्यांच्या घरात सगळं महत्त्वाचं बोलणं भिंतीकडं तोंड करून व्हायचं.

दिवाळी आली की मास्तर आजारी दिसायला लागायचे. आपल्याकडं लक्ष्मीपूजनाला घरोघर चांदीचे जुने रुपये बाहेर निघतात. बाया ते चिंचेत भिजवतात, राखुंडीनं खसाखसा घासतात, हळदकुंकू लावून पाटावर मांडतात. पिढ्यान् पिढ्या हेच. सिक्क्यावरचं नक्षीकाम दरवर्षी थोडं थोडं मोरीत वाहून जातं. "दिवाळीला गावात कत्तल होती," असं मास्तर म्हणायचे. धनत्रयोदशीच्या सकाळी ते ओळखीच्या दुकानांतून हात जोडत फिरायचे. मस्तगडातल्या एका कापडदुकानदाराशी त्यांचं दरवर्षी ठरलेलं भांडण व्हायचं. एका वर्षी मी सोबत होतो.

"शेठ, यंदा तरी घासू नका."

"मास्तर, लक्ष्मी काय काळ्या तोंडाची बसवू पाटावर?"

"तोंड काळं न्हाई ते. वय दिसून राह्यलंय त्याचं. तुमच्या आजीला राखुंडीनं घासता का दिवाळीला?"

दुकानदार हसला. त्याची आजी आत गादीवर बसली होती. ती मात्र हसली नाही. "बरोबर बोलून राह्यला तो," ती म्हणाली. तरी सिक्के घासले गेलेच.

आणि तो बाजारातला प्रकार. आठवडी बाजारात तांड्यावरची एक बाई बांगड्या घेत होती, गळ्यात रुपयांची भरघोस माळ. मास्तर पिशवी माझ्याकडं देऊन तिच्या मागं निघाले. ती थांबली की हे थांबायचे, ती चालली की हे चालायचे, भिंग डोळ्याला लावून. तिच्या नवऱ्यानं एकदम कोट धरला.

"ए कोटवाल्या, काय बघून राह्यला रे?"

"सन बघून राह्यलो," मास्तर शांतपणे म्हणाले. "तिसऱ्या रुपयाचा."

माणसं जमली. मी मध्ये पडलो, हे शाळेत शिकवतात, वेडे आहेत पण वाईट नाहीत, असं सांगितलं. बाईनंच मग माळ काढून पुढं केली. "बघू दे की. खात न्हाई तो." मास्तरांनी तिसरा रुपया कडेनं धरून बघितला. वर माळेत ओवायला डाग देऊन कडी बसवलेली. त्यांचे डोळे भरून आले. "बाई, कुणी केलं हे?" "माझ्या बापानं." मास्तरांनी माळ दोन्ही हातांनी परत दिली. "चांगला हाये तुमच्याकडं. सांभाळा." वाटेत मला म्हणाले, "कडी नसती तर दुय्यम व्हता. पण तिच्या गळ्यात अव्वल दिसतोय, काय करता."

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. मुंबईला फोर्टात एक संस्था होती. लोक जुनी नाणी टपालानं तिकडं पाठवायचे. तिथले जाणकार नाणं तपासायचे, खरं की खोटं सांगायचे, त्याचा दर्जा ठरवायचे, आणि नाणं सीलबंद पाकिटात घालून, मालकाच्या नावाच्या छापील दाखल्यासकट परत धाडायचे. त्यांचा पहिला दर्जा म्हणजे मास्तरांचा अव्वल. मास्तरांनी वर्षानुवर्षं तिकडं सिक्के पाठवले होते. दुय्यम ठरून आले, चालू ठरून आले, एकदा तर चक्क खोटा ठरून आला. अव्वल एकही नाही. भाऊबंद शेती सांभाळत होते, त्यांना मास्तर म्हणजे वाया गेलेला माणूस. मास्तर त्यांना उत्तर देत नसत. मला मात्र एकदा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "माझ्या नजरेला कुणी गुरू न्हाई. मीच बघितलं, मीच ठरवलं. एक सिक्का, फक्त एक, मुंबईहून अव्वल ठरून यावा. मंग मला कळंल की इतकी वर्षं मी बराबर बघत व्हतो."

तो एक सिक्का त्यांना सापडला होता. निजामी रुपयावर चारमिनार असतो, आणि मधल्या कमानीत गादीवरच्या निजामाच्या नावाचं पहिलं अक्षर. शेवटचा निजाम गादीवर आला तेव्हा सुरुवातीच्या रुपयांवर ते अक्षर बारीक, अर्धवट पडलं होतं. नंतर ठसा दुरुस्त करून पूर्ण केलं. अर्ध्या अक्षराचे रुपये थोडे, आणि न फिरलेले तर त्याहून थोडे. मास्तरांना असा एक जालन्यातच मिळाला होता. भिंगाखाली मीही बघितला. चारमिनाराची एकेक वीट मोजून घ्यावी असा.

पाठवायचा दिवस शनिवार ठरला. सिक्का कागदाच्या पुडीत घातला. पुडी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये जायची, वर मांजरपाट शिवायचं, शिवणीवर लाखेचे ठसे, आणि मग पोस्टात विमा उतरवून रजिस्टर. हे सगळं मास्तर स्वतःच्या हातानं करायचे. त्यांच्या घरी त्यांची थोरली विधवा बहीण असायची. तिला सगळे अक्का म्हणायचे. मास्तरांना आई आठवत नव्हती, अक्कानंच त्यांना वाढवलं होतं. शुक्रवारी अक्का म्हणाली, "एवढा लांब चाललाय सिक्का. एक रात्र देवापाशी राहू दे." मास्तर देवाधर्माचे फारसे नव्हते, पण अक्काला नाही म्हणायची त्यांची ताकद नव्हती. पुडी देव्हाऱ्यात ठेवली. शनिवारी पोस्ट लवकर बंद व्हायचं. घाईघाईत त्यांनी पुडी उचलली, न उघडता पुठ्ठ्यात घातली आणि शिवली. चहाचा कपसुद्धा उलटा करून बघणारा माणूस तो. पण पुडी देव्हाऱ्यातली होती आणि देव्हारा अक्काचा होता.

मुंबईहून सिक्का आणि उत्तर परत आलं तेव्हा मी तिथंच होतो. मास्तरांनी लिफाफा चाकूनं उघडला, वाचला, आणि माझ्याकडं दिला. लिहिलं होतं, नाणं अस्सल आहे, दुर्मिळ आहे, परंतु अलीकडेच घासून स्वच्छ केलेलं असल्यानं दर्जा देता येत नाही. पृष्ठभागावर बारीक ओरखडे. अक्षरांच्या खाचांत लाल पूड आढळली.

मास्तरांनी सिक्का कमानीपाशी भिंगातून बघितला. मग स्वयंपाकघराकडं बघितलं.

"अक्का."

"काय रे?"

"कुंकू लावलं व्हतं का?"

अक्का पदराला हात पुसत दारात आली. चेहऱ्यावर काहीसुद्धा लपवलेलं नव्हतं. "मंग? चिंचेनं चांगला लख्ख केला, राखुंडी लावली, हळदकुंकू वाहिलं. पुन्हा पुसून तुझ्या पुडीत जसाच्या तसा ठेवला. मोठ्या माणसांपुढं चालल्ता. लेकराला परगावी धाडताना आपण तोंड धुऊन धाडत न्हाई का?"

आयुष्यभर अख्ख्या गावाला घासू नका म्हणत फिरलेला माणूस, आणि त्याच्याच घरात ही तऱ्हा. पण मास्तर एवढंच म्हणाले, "बराबर हाये. धुतोच आपण." नंतर मला हळू आवाजात म्हणाले, "मुंबईवाल्यांचं चुकलं न्हाई. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं. पुडी उघडून बघायचं काम माझं व्हतं."

अक्कावर ते तेव्हा रागावले नाहीत, पुढंही नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांचं बघणं बंद झालं. भिंग खुंटीला गेलं. कोट गेला. पोरांच्या चित्रांवर ते आकडे लिहायला लागले. हेडमास्तर खूश झाले, पोरं मात्र वही उघडून बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसायची. सभेत लांबलचक भाषण झालं, सवयीनं आम्ही सगळे मास्तरांकडं वळलो. ते खिडकीबाहेर बघत होते. कुणीतरी विचारलंच, "मास्तर, दर्जा?" ते म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं." खोलीत कुणी हसलं नाही.

एप्रिलात बाबासाहेबांच्या जयंतीला मी गावी गेलो होतो. मिरवणूक झाली, जेवणं झाली, दुपारी दाराशी सावलीत मी मायला हा सगळा किस्सा सांगितला. हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं विचारलं, "कसा असतो म्हणं त्याचा सिक्का?" मी चारमिनार सांगितला, कमान सांगितली. ती उठली, उतरंडीमागची जुनी गोधडी ओढली, आणि विळ्याच्या टोकानं तिचा एक कोपरा उसवला. आतून चिंधीची घडी निघाली. घडीत काळानिळा पडलेला एक रुपया.

"असाच का?"

मी तो कडेनं धरला. चारमिनार होता. कमानीत अक्षर होतं, बारीक, अर्धवट.

मास्तरांनी माझ्या गावात पाटलाच्या घरी विचारलं होतं, देशमुखाकडं विचारलं होतं. आमच्या वस्तीत विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

मायनं सांगितलं. लग्न होऊन ती नवी आली तेव्हा सासूबरोबर भोकरदनला एका निजामी अंमलदाराच्या घरी बाळंतपण करायला गेली होती. नातू झाला. म्हाताऱ्या बेगमनं सासूला लुगडं दिलं, आणि पेटीतून मखमलीच्या बटव्यातला हा कोरा रुपया काढून, सासूची पाठ वळताच, मायच्या हातावर ठेवला, कारण रात्रभर पाय दाबले होते तिनं. नवऱ्याला कळला तर जाईल, सासूला कळला तर जाईल, म्हणून तिनं तो गोधडीत शिवला. गोधडी फाटली की काढायची, दुसऱ्या गोधडीत घालायची. मग छप्पन साल आलं. वस्तीनं दीक्षा घेतली, देव्हारे रिकामे झाले. तेव्हापासून आमच्या घरी लक्ष्मीपूजन नाही, पाट नाही, चिंच नाही, राखुंडी नाही. गावातले सगळे रुपये दर दिवाळीला घासून निघाले. हा एक अंधारात पडून राहिला.

"माय, दुष्काळात का न्हाई काढला?"

"सोनारानं इचारलं असतं, कुठून आणला. काय सांगू? बेगमनं दिला? कोण ऐकतंय आपलं. चोरीचाच म्हणले असते." ती सिक्क्याकडं बघत राहिली. "तुझ्या मास्तरला दे. पण माझ्या नावानं धाडा म्हणावं. माझा हाये तो, हे छापून येऊ दे." आणि मग ती उठून चुलीकडं गेली. "थांब, किती काळा झालाय, राख लावून देते."

मी असा ओरडलो की शेजारची माणसं बाहेर आली.

माय स्वतः माझ्याबरोबर जालन्याला आली. रुपया तिनं कमरेच्या पिशवीत ठेवला होता, एसटीत पूर्ण वेळ तिच्यावर हात. मास्तर ओट्यावर बसले होते. मी सांगायला लागलो तर म्हणाले, "नका दाखवू मला. मी सोडलंय ते." माय त्यांच्यापुढं बसली आणि चिंधी उलगडून ओट्यावर ठेवली. मास्तर दुसरीकडं बघत राहिले. मग मान हळूहळू वळली. मग ते उठून आत गेले आणि खुंटीवरचं भिंग घेऊन आले.

त्यांनी रुपया कडेनं उचलला. उजेडात फिरवला, सावलीत फिरवला. कमानीपाशी भिंग थांबलं.

"मास्तर, दर्जा?" मी विचारलं.

"मी न्हाई बोलणार. मुंबई बोलंल." आणि भिंतीकडं तोंड करून, मोठ्यानं, "अक्का, चहा ठेव. आणि चहा दे अन् जल्दी आत जा."

अक्कानं चहा आणला. मी कपांकडं बघितलं. आमच्या लोकांना असं बघायची सवय लागलेली असते. मायला दिलेला कप मास्तरांच्या कपाच्या जोडीचा होता. अक्का आत गेली नाही. ती मायच्या शेजारी टेकली आणि कानाशी म्हणाली, "बाई, घासू नका बरं का. मी एक घासला, तर घरात सुतक पडल्यागत झालं." माय म्हणाली, "मीबी घासणारच व्हते. पोरगं ओरडलं." दोघी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. कितीतरी दिवसांनी मास्तरही हसले.

मग त्यांनी फॉर्म काढला. मालकाच्या रकान्यावर पेन टेकवलं, आणि थांबले. आयुष्यभर त्या रकान्यात त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं. मला वाटलं, आता ते काहीतरी सुचवतील, संग्रहातर्फे म्हणून वगैरे. त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा. हळू सांगा, चुकायला नको." मायनं नाव सांगितलं. त्यांनी छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं, वाचून दाखवलं, आणि खाली पाठवणारा म्हणून स्वतःची सही केली. पुडी या वेळी त्यांनी शिवायच्या आधी तीनदा उघडून बघितली, आणि पार्सल छातीशी धरून पोस्टात नेलं. मी आणि माय मागं मागं.

वाट बघण्याचे ते दिवस संपता संपेनात. शाळेत ते अजून आकडेच लिहीत होते. मी एकदा म्हणालो, काय होईल? ते म्हणाले, "तुमच्या मायचा सिक्का हाये तसा हाये. त्याला मुंबईची गरज न्हाई. गरज मला हाये."

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचे सिक्के भावाच्या मुलांनी मोडले असं ऐकलं. भिंग अक्कानं मला दिलं होतं. ते माझ्या टेबलावर आहे, आणि नातवंडं त्यातून मुंग्या बघतात. मस्तगडातून गेलो की त्या ओट्याकडं अजून बघितलं जातं. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. पण मला त्यांचं जे रूप पक्कं आठवतं ते त्या घरातलं नाही, माझ्या गावच्या रस्त्यावरचं आहे.

मुंबईचं पार्सल जालन्याला त्यांच्या पत्त्यावर आलं होतं. त्यांनी ते उघडलं नाही. रविवारी कोट घालून, पार्सल आतल्या खिशात ठेवून ते माझ्याबरोबर एसटीत बसले. मी म्हणालो, "उघडा तरी." "मालक गावी हाये," ते म्हणाले. गावात शिरलो तर पाटील ओसरीवर होते. त्यांनी मास्तरांना ओळखलं.

"या मास्तर, या. लई दिवसांनी. काढू का रुपये बाहेर?"

"आज न्हाई पाटील. आज पलीकडं काम हाये."

"पलीकडं? कुणाकडं?"

मास्तरांनी मायचं नाव घेतलं, पूर्ण, बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासकट, आणि पुढं चालायला लागले. आमच्या वस्तीत कोट घातलेला माणूस जनगणनेशिवाय कधी यायचा नाही. पोरं गोळा झाली, बाया दारात आल्या. मायनं गोधडी अंथरली. मास्तर बसले आणि पार्सल तिच्या पुढं ठेवलं.

"तुम्ही फोडा, बाई."

मायनं विळ्यानं शिवण कापली. सीलबंद पाकिटात तिचा रुपया होता, तसाच काळानिळा. सोबत जाड कागदाचा दाखला. तिनं तो मला दिला. मी वाचायला लागलो, पण मास्तरांनी हात वर करून थांबवलं. उभे राहिले, आणि पाठ फिरवून समोरच्या कुडाच्या भिंतीकडं तोंड केलं.

"हं. वाचा आता."

मी मोठ्यानं वाचलं, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं. नाणं अस्सल. अर्ध्या अक्षराचा ठसा. कधीही न घासलेलं. दर्जा पहिला.

मास्तर बराच वेळ वळलेच नाहीत. त्यांचे खांदे तेवढे हलताना दिसले. माय मला म्हणाली, "पुढं काय लिव्हलंय? ते वाच."

पुढं मालकाचं नाव होतं. मायचं नाव, छापील, कुठंही चूक नसलेलं. मी ते दोनदा वाचलं. मास्तरांनी मुंबईला पाठवलेल्या सगळ्या सिक्क्यांत अव्वल ठरला तो हाच, आणि तो माझ्या मायचा होता.